हिवरडोहची लेडीज वेटिंग रूम

“कुमुदे, हे भाकर लाल काहून झाली वं?”

सत्यभामाकाकू माझ्या गिरणीच्या दारात उभी होती. हातातली भाकर तिनं माझ्या नाकासमोर धरली. तिच्या मागे अर्धी गल्ली, आणि प्रत्येकीच्या हातात एकेक भाकर. कोणाची गुलाबी, कोणाची विटकरी.

“ज्वारीच तशी असंन,” मी म्हटलं.

“ज्वारी माह्या वावरातली हाय. मीच निंदली, मीच कापली. लाल ज्वारी माह्या बापानं नाई पाह्यली.” तिनं एक घास तोडून तोंडात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा चावला. “अन् करकरते कायले?”

आता लपवून काय उपयोग? आदल्या दिवशी सगळ्यांची दळणं संपल्यावर मी गिरणीत विटा दळल्या होत्या.

तुम्ही हसाल, पण स्टेशनच्या जुन्या भिंतींना सिमेंट चालत नाही. त्यांना चुना लागतो आणि चुन्यात सुरखी लागते, म्हणजे भाजक्या विटांची पूड. ती पूड कुटता कुटता बायकांच्या हाताला फोड आले. माझ्या डोक्यात आलं, आपल्याकडे एवढी मोठी चक्की असताना मुसळानं कशाला कुटायचं? दळल्या. नंतर भरड ज्वारी टाकून दगड साफ केले, देवाशपथ केले. पण विटेचा रंग भारी चिवट निघाला.

“म्हंजे आमी टेसन खाल्लं?” मागून कोणीतरी ओरडलं.

मी मान खाली घातली. आता शिव्या पडणार, असं धरूनच चालले होते. काकूनं हातातल्या भाकरीकडे पाहिलं, आणखी एक घास तोडला, सावकाश चावला, गिळला.

“चाला बाप्पा,” ती म्हणाली. “टेसन आता पोटात गेलं आपल्या. पोटातलं कोन पाडते, पाहू.”

आणि सगळ्या बाया अशा हसल्या, की गिरणीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. त्या दिवसापासून आमच्या कामाला माणूस कमी पडलं नाही.

मी तेव्हा बत्तीस वर्षांची. बापानं मागे ठेवलेली गिरणी चालवत होते. आईबाप दोघंही गेलेले, भाऊबहीण नाही, लग्न नाही. स्थळं येत, नाही असं नाही. पण शेवटच्या स्थळानं पोहे खाता खाता सांगितलं, लग्नानंतर गिरणी विकावी लागेल. मी विचारलं, “तुम्हाला दळता येतं?” तो म्हणाला, “मी कशाला दळू?” मी म्हटलं, “मग पोहे खा आणि निघा.” ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली आणि स्थळं आटली. काकू म्हणे, “तुह्या जिभेले कोनी नवरा देईन तं खरं.” मी म्हणे, “जिभेले नवरा नाई पायजे, काम पायजे.”

हिवरडोहचं स्टेशन छोट्या रुळाच्या गाडीचं. गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. रूळ होते, पण त्यांवर बोरी-बाभळी उगवलेल्या. स्टेशन म्हणजे दगडी बांधणीच्या तीन खोल्या, पुढे लाकडी झालर लावलेला ओटा. त्यातली एक खोली लेडीज वेटिंग रूम. माझा सगळा जीव त्या खोलीत.

कारण सांगते. आमच्या गावात पुरुषांना बसायला पार आहे, चहाची टपरी आहे, पंचायतीचा ओटा आहे, मारुतीचं देऊळ आहे. बायकांना एक विहिरीचा काठ होता, पण घरोघरी नळ आले आणि तोही गेला. बाई बसणार कुठे? बसली तर कोणाच्या तरी सासूच्या नजरेखाली. माझ्या गिरणीत त्या दळणाच्या निमित्तानं तासतास थांबत, भर आवाजात, पिठाच्या धुरळ्यात, ओरडून ओरडून सुखदुःख बोलत. आणि तिकडे ‘लेडीज’ अशी दगडात कोरलेली अख्खी खोली शेळ्यांच्या ताब्यात! माझं डोकं फिरलं. आम्ही पाचसहा जणी मिळून ती साफ करायला लागलो.

आणि नेमके तेव्हाच साहेब आले.

मी झाडू घेऊन शेळ्यांच्या मागे धावत होते. दारात एक उंच, सावळा, घामानं निथळणारा माणूस उभा राहिला. अंगात पांढरा शर्ट, काखेत फाईल. रेल्वेचे साहेब. तेंडोलकर आडनाव, मूळचे कोकणातले. वऱ्हाडातल्या उन्हानं बिचाऱ्यांचा पार पापड झाला होता.

“या शेळ्या कोणाच्या?” त्यांनी विचारलं.

“पॅसेंजर आहेत,” मी म्हटलं.

ते हसले नाहीत. त्यांनी फाईल उघडली आणि खरंच लिहिलं, ‘शेळ्या’. मग सांगितलं, की या मार्गावरच्या वापरात नसलेल्या इमारती पडून माणसं दगावण्याची भीती आहे, म्हणून त्या पाडायच्या ठरल्यात. वापरात असलेली इमारत मात्र गावाला चालवायला देता येते.

“मग लिहा, वापरात आहे.” साहेबलोकांशी मी पुस्तकातलं बोलते. राग आला की वऱ्हाडी आपोआप बाहेर येतं.

“मी जे पाहतो तेच लिहितो,” ते म्हणाले. “मी शेळ्या पाहिल्या.”

“अन् आमी काय दिसून नाई राह्यलो तुमाले?”

बघा, आलं. साहेब दचकले. मग फार सभ्यपणे म्हणाले, “तुम्ही झाडताना दिसताय. झाडणं म्हणजे वापर नाही. मी पावसाळ्याआधी एकदा परत येईन. त्या दिवशी लोक ही इमारत खरोखर वापरताना दिसले, तर तसं लिहीन. नाही दिसले, तर तसं. खोटं मला लिहिता येत नाही.”

“येत नाही की लिहीत नाही?”

त्यांनी जरा विचार केला. “येत नाही,” ते म्हणाले. “शाळेतही आलं नाही. फार मार खाल्ला.”

जाताना त्यांनी पाणी मागितलं. मी तांब्या दिला. तांब्या रिकामा करून ते म्हणाले, “तुमच्या यजमानांनाही सांगा, गावानं एकत्र अर्ज करावा.”

“गिरणीची यजमान मीच,” मी म्हटलं, “अन् घरचीही मीच.”

“बरं,” ते म्हणाले, आणि कान लाल करून जीपकडे गेले.

साहेब परत येतील त्याच दिवशी त्यांच्याच हातानं पडदा सारून उद्घाटन करायचं ठरवलं, आणि मग आम्ही जे कामाला लागलो, विचारू नका. चुना भिजवला, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर घातला. जुनी माणसं असंच करत म्हणे. गुळाच्या वासानं गावातल्या सगळ्या मुंग्या स्टेशनवर आल्या. एकीनं भिंतीला गिलावा करता करता खिडकीच लिंपून टाकली, ती परत फोडावी लागली. लाल भाकरीचं तर सांगितलंच. पुरुष आधी पारावर बसून हसत होते, मग एकेक करून ‘जरा पाहतो’ म्हणत आले. आला तो थापी हाती धरल्याशिवाय परत गेला नाही.

त्यात वामनराव म्हणजे आनंदाचा झराच. ते गाडी असताना स्टेशनवर पोर्टर होते. आता कान गेले होते, पण उत्साह दुप्पट झाला होता. स्टेशनची घंटा म्हणजे रुळाचा एक हातभर तुकडा, टांगलेला. तो कोणीतरी म्हैस बांधायला नेला होता. वामनरावांनी म्हैस सोडली, तुकडा खांद्यावर टाकला आणि गावातून मिरवत आणला. टांगल्याबरोबर हातोडा उचलला.

“आता नाई, वामनराव!” मी ओरडले. “उद्घाटनाले! साहेबानं पडद्याले हात लावला का मंग वाजवा!”

“आँ?”

“पडदा! पडदा हालला का वाजवा!”

“हौ, हौ,” ते म्हणाले. “पडद्याची घंटा. मले कायले सांगतं? जलमभर तेच केलं.”

मी हसले आणि कामाला लागले. जन्मभर तेच केलं म्हणजे काय, हे मी विचारायला हवं होतं. मला ठाऊक होतं की, पण डोक्यातच आलं नाही. कोणाच्याच आलं नाही.

आमच्या गावाची एक रीत होती. गाडी चालू होती तेव्हा हिवरडोहमधलं प्रत्येक लग्न संध्याकाळच्या गाडीवर लागे. गुरवाचं घड्याळ एक सांगे, सरपंचाचं दुसरं, वराकडच्यांचं तिसरं. त्यावरून मांडवात हातघाई व्हायची. म्हणून वाडवडिलांनी ठरवून टाकलं, स्टेशनची घंटा वाजली की मुहूर्त. घंटा वाजायची, गुरव ‘सावधान’ म्हणायचा, अंतरपाट खाली, अक्षता वर, बँड सुरू. गाडी लेट तर मुहूर्त लेट. माझ्या आईला म्हणे शालू नेसून दीड तास अंतरपाटामागे उभं राहावं लागलं होतं. बापाला उभ्या उभ्या डुलकी लागली होती.

गाडी गेली तशी ही रीतही गेली. पण हातांना सवय राहते, तिचं काय?

मधल्या एका रविवारी साहेब अचानक आले. जीप नाही, फाईल नाही, एस.टी.नं आले होते.

“तपासणी आहे?” मी विचारलं.

“नाही. आज सुटी आहे. आज मी काही पाहत नाहीये.” त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. “तो बाक सागवानी आहे. त्यावरचा रंग काचेनं खरवडायला हवा, म्हणजे लाकूड दुखावत नाही. काच आहे?”

मी काच दिली. माणूस दिवसभर त्या बाकाला चिकटून बसला. खरवडत होता, फुंकर मारत होता, परत खरवडत होता. दुपारी मी त्यांना भाकर आणि झुणका वाढला. गिरणीतला लाल रंग तेव्हा बराच उतरला होता, पण पुरता गेला नव्हता.

“कशी झाली भाकर?” मी विचारलं. पाहुण्यानं काय म्हणायचं असतं, सांगा? छान झाली म्हणायचं असतं.

“कचकच लागते,” ते म्हणाले. “पण झुणका फार चांगला आहे.” आणि तिसरी भाकर मागितली.

मला राग आला. तो राग घेऊन मी घरी गेले, रात्रभर कुशीवर कुशी बदलली, आणि सकाळी कळलं की तो राग नव्हताच. मला तो माणूस आवडला होता. आता या वयात लाजायचं काय, सांगून टाकते. मला फार आवडला होता. पण लगेच दुसरं मनात आलं. हाच माणूस स्टेशन पाडा म्हणून लिहू शकतो, आणि खरं असेल तर लिहीलच. म्हणून मी तोंड बंद ठेवलं. माझ्या आयुष्यात मी तोंड बंद ठेवल्याचा तो एकच प्रसंग.

उद्घाटनाचा दिवस आला. साहेब फाईल घेऊन येणार होते. आता सगळं त्या एका दिवसावर होतं. लोक खोली वापरताना दिसले तर स्टेशन राहणार, नाहीतर पावसाळ्याआधी पडणार.

आम्ही आधीपासून बसून एकेक गोष्ट ठरवली होती. खोलीच्या दाराची फळी वाळवीनं खाल्लेली. तिथे पडदा लावू, साहेब पडदा दूर करतील. पडदा कुठला? गावात एकच कापड धड होतं, मारुतीच्या देवळातलं, कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं. गुरवानं धुऊन आणलं. टांगायला दोरी मिळेना, म्हणून ठरलं, एक टोक गुरव धरेल, एक सरपंच. आत मी उभी राहीन आणि साहेब आले की त्यांच्या गळ्यात हार घालीन. साहेबांच्या हाती दुसरा हार देऊ, तो त्यांनी चौकटीला घालायचा. नव्या वास्तूवर टाकायला काकूनं पिवळ्या अक्षता केल्या आणि सगळ्यांना मूठमूठ वाटल्या. रमजानभाई म्हणाला, गावकामाचा मी पैसा घेत नाही, माझा बँड येईल. जेवायला पुरी, वांग्याची भाजी आणि बुंदी.

आता यात चुकीचं काय, तुम्हीच सांगा. प्रत्येक गोष्ट किती शहाणपणाची!

सगळं गाव जमलं. मी आईचा शालू नेसले होते, कारण काकूनं जबरदस्ती केली. “साहेबापुढे पिठाच्या लुगड्यात उभी राह्यशीन काय?” आत अंधार होता, चुन्याचा आणि गुळाचा वास होता. माझ्या हातात हार. समोर कापड, त्याच्यापलीकडे साहेबांचे बूट दिसत होते. बूट पॉलिश केलेले. मला का कोण जाणे, त्या बुटांकडे पाहून शालूचा पदर परत नीट करावासा वाटला.

“मी काय करायचं?” साहेबांचा आवाज आला.

“पडद्याले हात लावा,” सरपंच म्हणाले.

साहेबांनी हात लावला. कापड हललं.

टण्ण!

वामनरावांनी इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं त्या एका टोल्यात काढलं. घंटा अशी वाजली की खोलीतल्या नव्या चुन्याचा पोपडा माझ्या पायाशी पडला. टण्ण! टण्ण! टण्ण!

आणि गुरव, नुसत्या सवयीनं, अगदी खड्या आवाजात ओरडला, “शुभमंगल सावधाऽन!”

अंतरपाट खाली. अक्षतांचा असा पाऊस पडला की मला समोरचं दिसेना. रमजानभाईच्या क्लॅरिओनेटनं वरातीची धून धरली, ढोल मागून धडाडला. मी गोंधळले आणि ठरल्याप्रमाणे हार घातला. समोर साहेब, हातात हार, डोक्यावर पिवळे तांदूळ. सगळं गाव ओरडत होतं, “घाला! घाला!” त्यांनी एकदा चौकटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि घातला.

माझ्या गळ्यात.

मग बँड थांबला. एकेक माणसाला कळत गेलं तसं एकेक तोंड उघडं पडत गेलं. वामनराव तेवढे वाजवतच होते, त्यांना ऐकू येत नव्हतं ना. शेवटी कोणीतरी जाऊन त्यांचा हात धरला.

“हे काय झालं?” साहेब हळूच म्हणाले.

सत्यभामाकाकूनं कंबरेवर हात ठेवले. “लगन झालं,” ती म्हणाली. “आनखीन काय?”

हसू फुटलं ते थांबेना. सरपंच ओट्यावर बसून डोळे पुसत होते. गुरव स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होता आणि हसत होता. रमजानभाई म्हणाला, “ताई, कसम से, घंटी वाजली अन् बोटं आपोआप चालली!” एक म्हातारी खरोखर पुढे येऊन साहेबांच्या हातात आहेर म्हणून नारळ देऊन गेली. मी काय केलं? मी पण हसले. पोट धरधरून हसले. साहेब मात्र लाल भाकरीसारखे झाले होते.

पंगत बसली. बायका लेडीज वेटिंग रूममध्ये, बाकावर, खाली, खिडकीत, जागा मिळेल तिथे बसल्या आणि जेवल्या. साहेब बाहेर पानावर बसून मुकाट्यानं बुंदी खात होते. मी वाढायला गेले तर त्यांनी वर पाहिलंच नाही. जेवण झालं, फाईल उचलली, जीपमध्ये बसले आणि गेले. हार गळ्यातच होता.

जीप दिसेनाशी झाली आणि माझं हसू मावळलं.

“काकू, सायबाचं हसं केलं आपन,” मी म्हटलं. “साऱ्या गावापुढं. आता तो काय लिहीन?”

“खरं लिहीन,” काकू म्हणाली. पण तिचाही आवाज पडला होता.

त्यानंतरचे दिवस कसे काढले, माझं मला माहीत. गिरणीत येणारी प्रत्येक जण चिडवून जाई. “काय वं कुमुद, मालक कधी येनार?” “उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग, अन् हा तं बाशिंगाबिगर पळाला!” मी पट्टा जोरात चालवून त्यांचे आवाज बुडवत होते. बायका दुपारी स्टेशनवर बसायला लागल्या होत्या. कोणी पापड लाटे, कोणी गोधडी शिवे, कोणी काहीच करत नसे, नुसती पाय पसरून बसे. मी त्यांच्याकडे पाही आणि वाटे, यांना आता उठवायला लागलं तर? माझ्यामुळे? आणि त्या माणसाचा लाल झालेला चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता, ते वेगळंच.

आभाळ भरून यायला लागलं होतं. एका सकाळी गिरणीत गर्दी होती. मी पायलीत ज्वारी ओतत होते. वर पाहिलं तर रांगेच्या शेवटी, सगळ्या बायकांच्या मागे, हातात तांदळाची पिशवी घेऊन तेंडोलकर साहेब उभे होते.

मी हात हलवून पुढे बोलावलं. ते मानेनं नाही म्हणाले. रांगेतच उभे राहिले. एकेकीचं दळण होत गेलं, पण घरी कोणीच जाईना. डबे डोक्यावर घेऊन सगळ्या भिंतीला लागून उभ्या.

शेवटी त्यांचा नंबर आला. त्यांनी पिशवी पुढे ठेवली आणि काहीतरी बोलले. चक्कीच्या घरघरीत मला फक्त ओठ दिसले.

“काय?” मी ओरडले.

ते परत बोलले.

“ऐकू नाही येत!”

सत्यभामाकाकू भिंतीवरच्या खटक्यापाशी गेली आणि तो बंद केला. पट्टा फडफडत थांबला. अशी शांतता माझ्या गिरणीत कधी झाली नव्हती.

“हं,” काकू म्हणाली. “बोला आता, सायेब.”

साहेबांनी घाम पुसला. भिंतीला लागून उभ्या सगळ्या बायकांकडे पाहिलं, आणि मग फक्त माझ्याकडे.

“मी रिपोर्ट पाठवला,” ते म्हणाले. “त्यात लिहिलं, की इमारत लग्नकार्यासाठी वापरात आहे. मी स्वतः हजर होतो.”

“मग?” मी विचारलं.

“मंजूर झाला. स्टेशन गावाला मिळालं.”

बायकांनी अशी आरोळी ठोकली, की डब्यांतलं पीठ उडालं. कोणी कोणाला मिठ्या मारत होतं. साहेब तसेच उभे होते, हात पुढे बांधून, शाळेतल्या पोरासारखे. मी सगळ्यांना गप्प केलं.

“तुम्हाला आनंद नाही झाला?” मी विचारलं.

“मला झोप नाही,” ते म्हणाले. “मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं. लग्न झालं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, झालं नव्हतं.” त्यांनी घसा साफ केला. “ते खोटं दुरुस्त करायला आलोय. तुमची हरकत नसेल तर.”

एका बाईच्या हातातून डबा पडला. कोणी उचलला नाही.

मला आनंद झाला की राग आला, ते मला तेव्हाही कळलं नाही. दोन्ही एकदमच आलं. “अन् मी नाई म्हनलं तं?” मी म्हटलं. “टेसन पाडसान काय?”

“नाही, नाही!” ते घाईघाईनं म्हणाले. “येताना मी आधी स्टेशनवर गेलो होतो. दोघी जणी पापड लाटत होत्या, एक झोपली होती. हा खरा वापर आहे. मी ते पाहिलं, आता तेच लिहून पाठवणार आहे. त्यावरही मंजुरी राहते, मी चौकशी केली. स्टेशन राहिलं, ताई. त्याचा आणि याचा काही संबंध नाही. हे मी माझ्यासाठी विचारतोय.”

“ताई म्हनून कोनी मागनी घालते काय वं?” काकू कपाळावर हात मारून म्हणाली.

“कुमुद,” साहेब म्हणाले. त्यांनी माझं नाव घेतलं ते पहिल्यांदा.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पिठात कालवून गालावर आलं. मी काही तरी बोलायला हवं होतं, पण माझी जीभ, जिच्यापायी पंचक्रोशीतली स्थळं पळाली होती, तीच चालेना. शेवटी एकच सुचलं.

“गिरनी विकनार नाई मी.”

“नका विकू.”

“दळता येते तुमाले?”

“नाही,” ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मग बाह्या दुमडायला लागले. “पण आजपासून शिकतो. हे तांदूळ त्यासाठीच आणलेत. तुमची ज्वारी नासायला नको.”

मी खटका सुरू केला. त्यांच्या हातात पायली दिली. त्यांनी अर्धे तांदूळ पायलीत ओतले आणि अर्धे पायावर. सत्यभामाकाकूनं ते खालचे तांदूळ मुठीत भरले आणि आम्हा दोघांच्या डोक्यावर टाकले.

पाऊस उघडल्यावर आमचं लग्न लागलं, स्टेशनवरच. अंतरपाट तोच, शालू तोच, बँड रमजानभाईचा. वामनरावांनी या खेपेला घंटा वाजवायला मुद्दाम अर्धा तास लावला. विचारलं तर म्हणाले, “गाडी लेट होती.”

या सगळ्याला आता फार वर्षं झाली. लेडीज वेटिंग रूममध्ये आजही दुपारी जागा मिळत नाही, आणि काचेनं खरवडलेल्या त्या बाकावर सगळ्यात आधी कोण बसणार, यावरून भांडणं होतात. हे आता माझ्यापेक्षा बारीक दळतात. खोटं मात्र अजून येत नाही. पीठ जाड झालं तर गिऱ्हाइकाला स्वतःच सांगतात.

फक्त एका बाबतीत आमचं जमत नाही. कोणी विचारलं, लग्नाला किती वर्षं झाली, की हे पहिल्या तारखेपासून मोजतात, त्या उद्घाटनाच्या दिवसापासून. परवाच शेजारणीला तसंच सांगत होते. मी म्हटलं, “अहो, ते काही खरं लग्न होतं का? तुम्ही स्वतःच म्हणाला होतात, खोटं लिहिलं म्हणून.”

“तेव्हा मला तसं वाटलं होतं,” हे म्हणाले. चष्म्यावरचं पीठ शर्टाच्या टोकानं पुसलं आणि परत डोळ्यांवर चढवला. “ती चूक माझी होती. लग्न त्याच दिवशी झालं. मी हजर होतो.”